वहीतली नोंद

लुआंग्वाच्या खोऱ्यात उजाडतं तेव्हा
शस्त्रागाराचं कुलूप अजून रात्रीइतकंच गार असतं.
किल्ली माझ्याकडे. वही माझ्याकडे.
बंदूक मी आजवर झाडलेली नाही.
कुणी कोणती नेली, काडतुसं किती, परत किती,
एवढंच माझं रान.

आज तिसाउके आली, बुटांना ओला चिखल.
रानरेडा लव्हाळ्यात बसलाय,
मागच्या पायात फास, तीन दिवसांचा.
काल पाण्यावर गेलेली बाई पिवळा कॅन टाकून पळाली.
कॅन सकाळी सापडला, भाकरीसारखा चपटा.

मांडणीवर दोनच होत्या. बाकीच्या चिपाटाला, दुरुस्तीत.

एक चारशे अठ्ठावन्न बोअरची. आखूड, जाड मानेची,
हिच्यापुढे हत्ती गुडघे टेकतो म्हणतात.
दस्ता मात्र तडकलेला,
आणि बांधलेला जप्तीतल्या तारेनं,
दोन पदरी, पीळ डावीकडे.
दुसरी तीनशे पंचाहत्तर. लांब, अंगानं सडसडीत,
पट्ट्यावर कुणाकुणाच्या घामाचं मीठ.

"मोठी घे," योतामु न्जोव्हू दारातून म्हणाला.
त्याच्या कुळाचं नावच हत्ती; बोलणंही तसंच,
एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही.
"मेला असं वाटतं ना, तेव्हा उठतो तो.
लव्हाळ्यात पंधरा पावलं म्हणजे एक श्वास.
त्या श्वासात उत्तर जड हवं."

"काका, सरावात पहिली मधोमध लागली.
दुसरीच्या वेळी चाप ओढायच्या आधीच
खांदा मागे सरला, डोळा मिटला.
गोळी मोपानेच्या शेंड्याला."

म्हातारा हसला नाही.
तीस वर्षं मोठीच चालवली त्यानं;
आता न्शिमाचा घास तोंडाशी नेताना
उजव्या हाताला डावा हात लागतो.

तिनं दोन्ही उचलल्या, बाजारात भोपळे जोखावेत तशा.
डोळे मिटून खांद्याला लावायची, मग उघडायची:
पुढची माशी मागच्या खाचेत आहे का,
की शोधावी लागते?
मोठीची शोधावी लागली.
लहानीची (लहानी म्हणायचं आपलं)
आपण होऊन येऊन बसली.

"हिच्यात शिसं कमी."
"हिच्यात मी जास्त," ती म्हणाली.

तरी हलली नाही. दस्त्यावरच्या तारेवर
तिचं बोट एकदा खाली गेलं, एकदा वर.
मला वही उघडायची गरज नव्हती:
अकरा फास, जून, आणि समोर एक नाव.
तिलाही वाचायची गरज नव्हती.
भाऊ तिचाच. नाताळाला सुटला.

मग सही. तीनशे पंचाहत्तर, सहा काडतुसं.
मोठी योतामुनं घेतली, तिच्या मागे राहायला.
"तुझं चुकलं तरच," म्हणाला,
आणि तारेवर तळवा ठेवून चालू लागला.

साडेदहाला एक आवाज.
मग मध्ये एवढी शांतता
की मी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं.
मग दुसरा.
कोणत्या बंदुकीचा ते मला ओळखता येत नाही.
इतकी वर्षं हे कधी टोचलं नव्हतं.

दुपारी परत आले. मोठीची काडतुसं
दिली तेवढी मोजून घेतली.
लहानीची चार.
योतामु गप्प. पँट गुडघ्यापर्यंत ओली,
त्यातलं पाणी किती ते मी विचारलं नाही.

तिनं टेबलावर फास ठेवला,
केस आणि कातडं अजून चिकटलेलं.
दोन पदरी. पीळ डावीकडे.

वहीत रकाना आहे: 'फास कुणाचा'.
मी पेन धरून बसलो.
बाहेर मांस न्यायला बायका जमत होत्या,
परातींचा आवाज.

"लिही," ती म्हणाली, "अनोळखी."

मी लिहिलं.
शाई वाळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली,
बंदूक अजून खांद्यालाच,
जणू परत कोणती करायची
हे अजून ठरायचं होतं.